सात जंपमध्ये लायसन्स देतो म्हणाले आणि १,१२,१४० रुपये घेऊन गेले

स्कायडायव्हिंगच्या, म्हणजे विमानातून पॅराशूटने उडी (जंप) मारायच्या, कोर्सला पैसे भरले. ८५,००० आगाऊ. १७,७०० ग्राउंड स्कूलचे. ९,४४० विम्याचे. एकूण १,१२,१४० रुपये गेले आणि विमान काही दिसलं नाही. नागपूरच्या धरमपेठेतल्या भाड्याच्या हॉलमध्ये एक वर्ग झाला, चंद्रपूरजवळच्या मोरवा धावपट्टीवरच्या तारखा मिळाल्या. मग ‘परवानगी अडकली’, ‘धुकं आहे’, ‘टेन्शन नका घेऊ भाऊ’, आणि शेवटी फोन बंद. सांगायची लाज वाटते, पण आणखी कोणी पैसे भरण्याआधी हे लिहिणं भाग आहे.

खोट त्या वर्गातच दिसत होती, हेच जिव्हारी लागतं. वाटलेल्या कागदावर छापलं होतं: तीन दिवस, सात जंप, हातात ‘ए’ लायसन्स, म्हणजे स्वतंत्रपणे उडी मारायचा पहिला परवाना. अमेरिकेच्या पॅराशूट असोसिएशनच्या ए लायसन्सला किमान २५ जंप लागतात. एएफएफच्या (इन्स्ट्रक्टर सोबत उडी मारून शिकवतात त्या पद्धतीच्या) सात-आठ लेव्हल म्हणजे त्याचा फक्त पहिला टप्पा. त्याच कागदावर पुढची ओळ होती, ‘पॅराशूट २,५०० फुटांवर उघडा.’ शिकाऊ माणूस साधारण ५,५०० फुटांवर उघडतो. फ्रीफॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी पडताना, वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दर हजार फुटांना साधारण पावणेसहा सेकंद. २,५०० फुटांवर जमीन फक्त चौदा सेकंद दूर असते. मुख्य पॅराशूट नीट उघडलं नाही तर ते तोडून रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) काढायचा निर्णय शिकाऊने २,५०० फुटांपर्यंत खाली येण्याआधीच घ्यायचा असतो, आणि यांनी तीच उंची उघडायची म्हणून छापली होती! विमान मिळालं असतं तर माणूस मेलाही असता.

टांगून सराव करायचा हार्नेसही तिथे नव्हता. खऱ्या ग्राउंड स्कूलमध्ये सहा-आठ तास जातात, आणि त्यातला मोठा भाग एकाच गोष्टीवर: वर बघ, मुख्य पॅराशूट तोडायचं उजवं कटअवे हँडल ओढ, मग डावं रिझर्व्ह. हात आपोआप जाईपर्यंत. इथे म्हणे, ‘हँडल विमानात दाखवू.’ पहिल्या जंपलाही एकच इन्स्ट्रक्टर पुरेसा, असंही सांगितलं. एएफएफच्या सुरुवातीच्या जंपना दोन्ही बाजूंनी धरणारे दोन लागतात.

तरी विश्वास का ठेवला? वेबसाइटवर खऱ्या उड्यांचे व्हिडिओ होते, पावतीवर जीएसटी क्रमांक होता, आणि समोरचा माणूस आल्टिमीटर, एएडी, पायलट शूट हे स्कायडायव्हिंगमधले शब्द सराईतपणे वापरत होता. कोणीही ठेवला असता.

पैसे देण्याआधी डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) परवानगी मागा, मोबाइलवरचा फोटो चालवून घेऊ नका. विमानाचा व्हीटी ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागा. धावपट्टीवर स्वतः फोन करून त्या तारखेचं बुकिंग विचारा. एवढ्या एका फोनने हे सगळं उघडं पडतं.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘पैसे तुम्हीच पाठवले ना? मग फसवणूक कशी?’ दुसऱ्या टेबलावर, ‘हे दिवाणी आहे.’ तिथून सायबरकडे, सायबरवाले म्हणाले हॉलमध्ये वर्ग झाला म्हणजे ऑनलाइन गुन्हा नाही, परत ठाण्यात जा. बँकेने सांगितलं, व्यवहार तुमच्या ओटीपीने झाला, आम्ही काय करणार. खात्याचा क्रमांक, पावत्या, कॉलची नोंद, हॉलचा पत्ता, सगळं फायलीत लावून दिलं, तरी त्या खात्याचा मालक कोण हे विचारणारं एक पत्र कोणी बँकेला लिहीत नाही. तोंडी हाकलतात. लेखी नकार मागितला की साहेब बाहेर गेलेले असतात. चोराला पळायला जेवढा वेळ हवा तेवढा यांनीच दिला, याचा राग पैशापेक्षा मोठा आहे.

पैसे गेल्याचं कळताच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, तासाभरात. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. तक्रार लेखीच द्या, पोच घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही, पण विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो. म्हणून पैसे भरण्याआधीच पॅन आणि कार्यालयाचा भाडेकरार मागा.

विम्याची पॉलिसी कधीच आली नाही. ‘विमा’ म्हणून पैसे घेतले तर विमा कंपनीला फोन करून पॉलिसी क्रमांक तपासा, आणि त्यात पॅराशूट जंपिंग वगळलंय का ते वाचा. साध्या अपघात विम्यात बहुधा वगळलेलंच असतं.

याच वर्गाला पैसे भरलेल्यांनी आपापली वेगळी तक्रार द्या आणि पावतीवरचा खाते क्रमांक प्रत्येक तक्रारीत लिहा.