कॅटलॉगमधला नीलम की सासूबाईंचे हिरे?

डायनाची 1981 ची साखरपुड्याची अंगठी जगाला पाठ आहे: मधोमध 12 कॅरेटचा श्रीलंकेचा अंडाकृती नीलम, भोवती 14 हिरे. गंमत म्हणजे ती खास घडवून घेतलेली नव्हतीच, गॅरार्ड या लंडनच्या जवाहिऱ्याच्या कॅटलॉगमधली. खिशात पैसे असते तर कुणीही घेतली असती, म्हणून तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. 2010 मध्ये विल्यमने तीच केनियाच्या सहलीत रकसॅकमध्ये जिवापाड जपली नि केटला दिली.

राणी एलिझाबेथची (दुसरी) 1947 ची साखरपुड्याची अंगठी त्यामानाने साधी. मध्ये सुमारे 3 कॅरेटचा हिरा, दोन्हीकडे बारके हिरे. पण ते आले तिचा होणारा नवरा फिलिप याच्या आईच्या, राजकन्या अ‍ॅलिसच्या टियारातून (मुकुटासारख्या दागिन्यातून). नौदलाच्या पगारात फिलिपला दुसरं काय परवडणार! नकला सगळ्या नीलमच्याच निघाल्या. माझं मत मात्र एलिझाबेथच्या अंगठीला.