जिप्सीचा स्टेनलेस सायलेन्सर: जांबोटी-कणकुंबीच्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

आमच्या एमपीएफआय (इंजेक्शनवाल्या पेट्रोल इंजिनाच्या) मारुती जिप्सीचा जुना सायलेन्सर गंजून संपला तेव्हा दोन वाटा होत्या: तयार ‘फ्री-फ्लो’ (धूर कमी अडवणारं) किट मागवायचं, नाहीतर बेळगावच्या उद्यमबागेतल्या मेस्त्रीकडून स्टेनलेसचा बनवून घ्यायचा. मी बनवून घेतला. पूर्ण पावसाळा बेळगाव-गोवा वाटेवरच्या जांबोटी, कणकुंबी, चोर्ला पट्ट्यात गाडी फिरल्यावर ठामपणे सांगतो: आपल्या भागात आवाजाचा रुबाब आणि ताकद शेवटी बघा. आधी पाणी कुठे साचतं आणि धूर कुठे जातो ते बघा.

ताकदीचं उरकून टाकतो. इंजिन 1298 सीसीचं, बिनटर्बोचं, 80 बीएचपी. 103 न्यूटन मीटर टॉर्क मिळतो तो 4500 आरपीएमला, आणि चिखलात लो रेंजमध्ये (फोर-व्हीलच्या हळू, जोरकस गिअरमध्ये) आपण त्या आरपीएमच्या निम्म्यावरही नसतो. पाईप फार मोठा घेतला की धुराचा वेग मंदावतो आणि नेमका खालचा दम जातो. म्हणून व्यास मूळचाच ठेवला. धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर यांना हात लावला नाही. चढाला गाडी पूर्वीइतकीच ओढते, मला तेवढंच हवं होतं.

गंज बाहेरच्या पावसानं कमी, आतून जास्त लागतो. 1 लिटर पेट्रोल जळलं की जवळपास 1 लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात त्याची वाफ निघून जाते. घर ते शेत एवढ्याच फेऱ्या असल्या तर ते सायलेन्सरच्या डब्यात साचतं. म्हणून 304 ग्रेडचा स्टेनलेस पत्रा घेतला आणि डब्याच्या सर्वांत खालच्या जागी 3 मिलिमीटरचं भोक ठेवलं. लाल चिखलानं ते बुजतं. गाडी धुताना तारेनं मोकळं करावंच लागतं. काचलोकर भरलेला सरळ डबा टाळला, कारण लोकर भिजून झिजते आणि आवाज वाढत जातो. आत पडदे असलेला डबा जड आहे, पण शांत आहे.

सगळ्यात जास्त विचार टेलपाईपचा, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या शेवटच्या नळीचा केला. दगडाला लागू नये म्हणून पुष्कळ जण तो बॉडीखालीच कापतात. कापडी हुडाच्या गाडीत हे फार धोक्याचं आहे. हळू चालताना धूर मागून आत ओढला जातो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागच्या बाकावर पोरं बसतात हो! आम्ही डबा चासीच्या मध्ये वर चढवला, पाईप मागच्या चाकामागून बॉडीच्या बाहेर काढला. एक चाक दगडावर चढवून स्प्रिंगचा पाटा पूर्ण दबल्यावर पाईपला लागतो का, हेही बघून घेतलं. जोड फ्लेंज-बोल्टचे आहेत, त्यामुळे खोलणं सोपं.

उणीव एक आहे: हायवेला ऐंशीच्या आसपास केबिन घुमते. सायलेन्सर टांगायचे जाड हँगर रबर टाकल्यावर कमी झालं, गेलं नाही.

आवाजाबाबत मात्र तडजोड नको. सकाळी बेळगाव, दुपारी चंदगड, संध्याकाळी गोवा असं आपलं फिरणं. कायदा तिन्हीकडे तोच. आवाजाची मर्यादा ओलांडली तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 190(2) खाली पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय भीमगड अभयारण्य शेजारी आहे, त्या जंगलाला आपला गोंगाट कशाला?

बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलवाल्यांनी डीपीएफ, म्हणजे धुरातली गाळणी, काढून असला पाईप बसवू नये. काजळी अडवायचं काम तोच करतो, आणि तो काढला की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) एरर दाखवतो.