व्यायामाच्या वेळी मनगटावर काय: बटणं, टचस्क्रीन की काहीच नाही?

व्यायामासाठी घड्याळ घ्यायचं म्हटलं की गाडी लगेच सेन्सर, बॅटरी आणि किती मीटर पाण्यात चालतं यावर येते. ते सगळं खोक्यावर छापलेलं असतं, म्हणून इथे त्यात शिरत नाही. सेट संपलाय, दम लागलाय, हात घामाने ओले आहेत. अशा वेळी घड्याळाकडून आपल्याला नेमकं काय हवंय हे ठरलं की निवड बरीच सोपी होते. माझ्या गरजा तीनच. दोन सेटमधली विश्रांती मोजणं, धावताना लॅप मारणं, म्हणजे प्रत्येक टप्प्याची वेळ वेगळी नोंदवणं, आणि एकूण किती वेळ झाला ते दिसणं. मी मुख्यतः वजनं उचलतो, मधेमधे धावतो, थोडंफार केटलबेल (कडी असलेला लोखंडी गोळा) करतो. पोहणाऱ्यांनी आणि लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांनी माझं मत जरा हात राखूनच घ्यावं.

आधी घड्याळ लागतंच का ते बघू. योगासनं, स्ट्रेचिंग, निवांत चालणं यांना अजिबात लागत नाही. कुस्ती, ज्यूदो, बॉक्सिंग यांत तर ते काढूनच ठेवायचं, कारण दुखापत आपल्यापेक्षा समोरच्याला आधी होते. श्रम किती होताहेत हे कळायलाही यंत्र लागतंच असं नाही. बोलता येतंय पण गाता येत नाही, म्हणजे मध्यम जोर. चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतंय, म्हणजे चांगलाच जोर. स्वीडनच्या गुनार बोर्ग यांनी श्रमाची जी मोजपट्टी बनवली ती ६ पासून २० पर्यंत जाते. ऐकायला विचित्र वाटतं, पण आपल्याला जाणवलेल्या आकड्याला १० ने गुणलं की नाडीचा ढोबळ अंदाज मिळावा, असा तो हिशोब आहे. सवय झाली की बरा जमतो.

मोकळ्या मनगटाची अडचण येते ती विश्रांतीत. भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ असेल तर प्रश्न नाही. नसेल तर आपण फोन हातात घेतो. मग दीड मिनिटाची विश्रांती कधी पाच मिनिटांची होते ते कळत नाही, आणि दोष मात्र जड वजनाला जातो. माझ्यापुरतं बोलायचं तर घड्याळ घालण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. फोन बॅगेत राहतो.

काट्यांचं, चावीचं किंवा ऑटोमॅटिक घड्याळ व्यायामाला घालायचं की नाही, यावर फार लिहिण्यासारखं काही नाही. धावण्याने ते मोडतं असं नाही, पण बारबेलला, म्हणजे वजनाच्या दांड्याला, स्टीलचा पट्टा घासतो, चामड्याचा पट्टा घामाने कुजतो, आणि हातोडा मारण्यासारखे लागोपाठचे झटके त्या नाजूक यंत्राला देण्यात काही अर्थ नाही. ते लग्नकार्याला ठेवा.

खरी निवड टचस्क्रीनवालं आणि बटणवालं यांच्यात आहे.

टचस्क्रीनमध्ये फिटनेस बँडही आले आणि मोठी स्मार्टवॉचही आली. व्यायाम सोडून बाकीच्या वेळी ती फार छान असतात, हे आधीच कबूल. बँड इतका हलका असतो की झोपेतही जाणवत नाही. स्मार्टवॉचवर फोन येतो, नकाशा दिसतो, गाणी बदलता येतात. दिवसभर बसून राहणाऱ्याला उठवण्याचं कामही ती इमानेइतबारे करतात. ज्यांना एकच घड्याळ चोवीस तास घालायचंय त्यांनी टचस्क्रीन घेतलं तर मी वाद घालणार नाही.

माझं बिनसलं ते एकाच गोष्टीवरून, आणि ती तशी क्षुल्लक वाटेल. दाबलं तरी दाबलं जात नाही, आणि न दाबता दाबलं जातं.

पहिला अर्धा भाग घामाचा. हा पडदा बोटाच्या स्पर्शाने होणारा विद्युतभाराचा फरक ओळखतो. घाम म्हणजे खारं पाणी, म्हणजे चांगला वाहक. बोट ओलं आणि काचही ओली असली की पडद्याला बोट नेमकं कुठे आहे तेच कळेनासं होतं. मी वेगाने धावण्याचा एक टप्पा (इंटरव्हल) संपवून लॅप मारायला बोट लावायचो, पडदा ढिम्म. टीशर्टला पुसावं, तर टीशर्टही भिजलेला. पुन्हा लावायचो, तर स्क्रीन सरकून भलतंच पान यायचं: हवामान, नाहीतर आज किती वेळ उभा होतो त्याचा हिशोब. तेवढ्यात विश्रांतीचे पंधरा-वीस सेकंद गेलेले असायचे, आणि ती विश्रांती मोजण्यासाठीच तर घड्याळ घातलेलं.

दुसरा अर्धा भाग मनगटाचा. जोर मारताना तळवा जमिनीवर असतो आणि मनगट जवळजवळ काटकोनात मागे वळतं. डाव्या हातात घड्याळ असेल, तर उजव्या कडेचं बटण किंवा क्राउन (फिरवायची गोल चावी) हाताच्या पाठीच्या बरोबर समोर येतो. खाली जाताना हाताची पाठ त्यावर टेकते. मग घड्याळातली बाई मध्येच विचारते, ‘मी काय मदत करू?’ किंवा चालू व्यायाम गुपचूप थांबतो आणि शेवटी कळतं की अर्धं सत्र नोंदलंच गेलं नाही. फ्रंट स्क्वॉटला बारबेल खांद्यावर धरताना हेच. उपाय आहेत, नाहीत असं नाही. काही घड्याळांत क्राउन कोपराकडे येईल अशी दिशा उलटवता येते, काहींत स्क्रीन लॉक करता येते. पण लॉक केलेली स्क्रीन उघडायला पुन्हा ओलं बोटच लागतं. काही लोकांना हे जाणवतसुद्धा नाही. घाम कमी येत असेल, मनगट बारीक असेल, व्यायाम वेगळा असेल. मला मात्र दर वेळी चीड यायची, आणि चिडत केलेला सेट नीट होत नाही.

आता म्हणाल, पण स्मार्टवॉच नाडी दाखवतं ना? दाखवतं, आणि एका लयीत धावताना बरीच बरोबर दाखवतं. मागचा हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो, रक्त तो शोषून घेतं, आणि ठोक्यागणिक कमी-जास्त होणाऱ्या रक्तावरून नाडी मोजली जाते. मात्र मनगटाची हालचालही त्याच प्रकाशात मिसळते. धावताना पावलांची लय मिनिटाला १६५-१७० असते. कधीकधी सेन्सर नाडीऐवजी तीच लय धरून बसतो. आरामात, गप्पा मारत धावणाऱ्या माणसाला घड्याळ १६८ ठोके दाखवत असेल तर घाबरून जाऊ नका, आधी पट्टा थोडा घट्ट करा आणि घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकवा. थंडीत त्वचेतला रक्तप्रवाह कमी झाला की वाचन आणखी बिघडतं. वजनं उचलताना मूठ आवळली जाते, मनगट वाकतं, आणि तिथे माझा या आकड्यावरचा विश्वास फार कमी आहे. नाडीवरच व्यायाम बेतायचा असेल तर छातीचा पट्टा घ्यावा. तो हृदयाचे विद्युत संकेत वाचतो, त्याला मनगटाशी देणंघेणं नाही. ही काही नवी गोष्ट नव्हे, फिनलंडच्या पोलारने बिनतारी नाडीमापक १९८२ सालीच आणला होता.

उष्मांकांचं तर बोलूच नका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली सात मनगटी उपकरणं तपासली. नाडीच्या बाबतीत सातपैकी सहांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती, म्हणजे चांगलंच. पण उष्मांकांत सगळ्यात बरं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. त्यानंतर सेन्सर सुधारलेत, पण घड्याळाने ‘जाळलेल्या’ उष्मांकांच्या भरवशावर जेवणात एक वाढीव वाटी घेणाऱ्यांनी जरा बेताने घ्यावं. कमाल नाडीसाठी २२० मधून वय वजा करण्याचं सूत्रही असंच ढोबळ आहे. धडधाकट माणसाची खरी कमाल नाडी त्याच्या दहा-बारा ठोके इकडेतिकडे असणं अगदी सामान्य आहे, आणि तुम्ही स्वतः आकडा भरला नाहीत तर बरीच घड्याळं सगळे झोन, म्हणजे हलक्या-मध्यम-जोरदार व्यायामाचे नाडीचे टप्पे, त्याच सूत्रावर आखतात.

बटणवाल्यांत दोन घराणी. एक जीपीएसचं, दुसरं साध्या डिजिटलचं.

जीपीएसवाली बटणांची घड्याळं, उदाहरणार्थ गार्मिनचं फोररनर ५५, बाहेर धावणाऱ्यांना मी डोळे झाकून सुचवीन. पाच बटणं, टच नाही, वजन चाळीस ग्रॅमच्याही आत. हातमोजे घातलेले असोत, पाऊस असो, लॅप म्हणजे लॅप. अंतर आणि वेग हे धावणाऱ्याच्या खऱ्या कामाचे आकडे, आणि ते इथे मिळतात. कुरकुरी आहेतच. उंच इमारतींमध्ये उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि सरळ रस्त्यावर धावलेले तुम्ही नकाशावर लोकांच्या घरांतून गेलेले दिसता. त्या क्षणाचा वेग नाचत राहतो, म्हणून लॅपचा सरासरी वेग बघावा. ट्रेडमिलवर जीपीएसचा उपयोग शून्य. तिथे हाताच्या हालचालीवरून अंदाज लागतो, आणि तुम्ही दांडा धरून चालत असाल तर तोही नाही. जोर मारताना उजव्या कडेची बटणं इथेही दाबली जाऊ शकतात, पण घड्याळ थोडं वर घातलं की माझ्या हातावर तो प्रश्न जवळपास मिटला. जवळपास. आणि हो, चार्जर सोबत असणं आलं.

साध्या डिजिटलमध्ये पहिलं नाव कॅसिओच्या एफ-९१डब्ल्यूचं. १९८९ पासून चालत आलेलं, २१ ग्रॅमचं, एका बॅटरीवर सुमारे सात वर्षं. मलाही ते फार आवडतं, पण व्यायामाला त्याची शिफारस करताना हात थोडा आखडतो. त्यात स्टॉपवॉच आहे, उलटी मोजणी नाही. म्हणजे ‘नव्वद सेकंद झाले की वाजव’ असं त्याला सांगता येत नाही, आपणच बघत बसायचं. शिवाय स्टॉपवॉच तासाभरापर्यंतच मोजतं.

त्याच कंपनीचं जी-शॉक चौकोनी डीडब्ल्यू-५६०० जास्त कामाचं. दहा मीटरवरून पडलं तरी टिकावं, या हट्टातून किकुओ इबे यांनी पहिलं जी-शॉक बनवलं, ते १९८३ साली आलं. या ५६०० मध्ये उलटी मोजणी आहे आणि ती संपली की आपोआप पुन्हा सुरू करता येते. विश्रांतीसाठी याहून जास्त काय हवं? पन्नासेक ग्रॅम वजन बारीक मनगटाला धावताना जाणवतं, आणि जिममध्ये ढणढण गाणी असतील तर त्याची बीपबीप ऐकू येत नाही. बटणं मात्र खोल बसवलेली आहेत, हाताच्या पाठीने सहसा दबत नाहीत.

आणि मग टाइमेक्सचं आयर्नमॅन. १९८६ पासूनचं, दिसायला जरा जुनाट, मित्रांमध्ये मिरवावं असं मुळीच नाही. पण त्याच्या क्लासिक ३० मध्ये स्टार्ट आणि लॅपचं मोठं बटण कडेला नाही, घड्याळाच्या तोंडावरच आहे, आकड्यांच्या खाली. मनगट कितीही वाकवा, तिथे हाताची पाठ पोचत नाही. आणि लॅप मारायला बघावं लागत नाही, दुसऱ्या हाताचा तळवा आपटला तरी चालतो. लॅपच्या तीस नोंदी राहतात, उलटी मोजणी आहे, अंधारात सबंध तबकडी उजळते. ज्या कोणी त्या बटणाची जागा ठरवली, तो स्वतः घाम गाळणारा असावा असं मला आपलं वाटतं.

साध्या घड्याळाचा आणखी एक फायदा केटलबेल करताना कळला. क्लीन (गोळा खांद्यापर्यंत उचलणं) किंवा प्रेस (तो डोक्यावर ढकलणं) करताना तो गोळा मनगटाच्या वर, पुढच्या हाताच्या बाहेरच्या बाजूला टेकतो, म्हणजे बरोबर जिथे घड्याळ असतं तिथेच. काच फुटायला एक चुकार क्लीन पुरे. तेव्हा घड्याळ कुठलंही असो, हातातून काढायचंच. मी ते पाण्याच्या बाटलीच्या गळ्याला बांधून समोर ठेवतो आणि उलटी मोजणी तशीच चालू राहते. काही स्मार्टवॉच मात्र मनगट सुटलं की लॉक होतात.

तुमचा व्यायाम मुख्यतः रस्त्यावरचा असेल तर बटणवालं जीपीएस घ्या, त्याला साध्या घड्याळात पर्याय नाही. दिवसभराची झोप-पावलं-फोन यांतच जास्त रस असेल तर बँड किंवा स्मार्टवॉच घ्या, आणि टॉवेल हाताशी ठेवा. पण वजनं, जोर, दोरीच्या उड्या, मधे थोडं धावणं असा मिश्र प्रकार असेल, तर माझा कल कुठे आहे ते एव्हाना लक्षात आलंच असेल. माझं स्मार्टवॉच आता ऑफिसात जातं.

दुकानात गेलात तर एवढं करून बघा. घड्याळ डाव्या मनगटावर नीट बांधा, तळवा काउंटरवर सपाट टेकवा आणि जोर मारताना झुकता तसे पुढे झुका. काही सुरू झालं, बंद झालं किंवा बोलायला लागलं, तर ते परत ठेवा. मग बोट पाण्यात बुडवून टायमर लावून बघा. विक्रेता जरा विचित्र नजरेने बघेल, बघू दे. पट्टा शक्यतो मऊ रबरी किंवा नायलॉनचा, आणि त्याला बारीक भोकं भरपूर असावीत, कारण धावताना घट्ट आणि नंतर एक घर सैल असं रोज करावं लागतं. घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवा, साबण आणि गरम पाण्याच्या वाफेपासून लांब ठेवा. पाणी अडवणारी आतली रबरी चकती त्यानेच आधी खराब होते.