किचनच्या कपाटांची शटरं (दारं) रंगवायची की नवा सनमायका?
सांगाडा आणि ट्रॉल्या धडधाकट असतील, तर फक्त शटरं नवी करायला दोन पर्याय: पीयू (पॉलियुरेथेन) रंग किंवा वरून सनमायका. पीयूची कसोटी रंगात नाही, तयारीत. शेगडीजवळचा तेलकट थर पूर्ण निघाला पाहिजे, मग पॉलिश पेपर, प्रायमर, पुन्हा घासणं. इथे घाई केली की हँडलपाशी पापुद्रे सुटलेच म्हणून समजा. फवारणी घरात नको. शटरं काढून वर्कशॉपमध्येच न्यावीत. कोरीव दारांना मात्र पीयूच, 1 मिमीचा ताठ सनमायका तिथे बसत नाही. सपाट शटरं आणि रोजची फोडणी असेल, तर मी सनमायकाच घेईन: ओरखडे कमी, पुसायला सोपा. एज बँड, म्हणजे कडेची पट्टी, तेवढा नीट चिकटवून घ्या. सिंकखालचं पार्टिकल बोर्ड फुगलं असेल, तर दोन्ही विसरा. ते शटर बदलाच.