सिने झूम लेन्स गिंबलवर: एका लगीनसराईनंतरचा अनुभव

सोनी एफएक्स३० कॅमेरा, फुजिनॉनची एमके १८-५५ सिने झूम (सिनेमासाठी बनवलेली झूम लेन्स) आणि डीजेआय आरएस ३ प्रो गिंबल, म्हणजे चालताना कॅमेरा स्थिर धरणारा मोटरचा दांडा. दिवाळीनंतर हा संच जुळवला आणि माळेगावच्या यात्रेचं थोडं काम, एका साखर कारखान्याची फिल्म आणि नंतर अख्खी लगीनसराई त्यावर काढली. लातूर-नांदेडकडं ही लेन्स गिंबलवर लावणारे फार दिसत नाहीत, त्यामुळं विचारणारे बरेच भेटतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पेलतंय का?"

पेलतंय. बॅटरी-कार्डासकट कॅमेरा ६४६ ग्रॅम, लेन्स ९८० ग्रॅम. रॉड, फोकस मोटर, प्लेट, फिल्टर सगळं धरलं तरी गिंबलच्या ४.५ किलोच्या मर्यादेपासून आपण बरेच लांब राहतो. बेजार करते ती लेन्सची लांबी. २०६ मिलिमीटरची नळी, मागं छोटीशी बॉडी. गाडीत ऊस भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: माल तेवढाच असला तरी धुरजड झाला की बैलाच्या मानेवर येतो आणि मागं जास्त गेला की गाडी उलाळ होते. हा संच जन्मजात धुरजड आहे.

म्हणून कॅमेरा जमेल तेवढा मागं सरकवायचा. पण मागं सरकवत गेलं की बॉडीची पाठ रोलच्या (बाजूला कलण्याच्या) आडव्या दांडीला टेकायला लागते, आणि टेकली की टिल्ट, म्हणजे लेन्सचं वर-खाली होणं, पूर्ण होत नाही. लांबीची खालची प्लेट लागते ती इथंच. लेन्सला खालून आधारही हवाच. एवढ्या लांब लेन्सचा सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायच्या कड्यावर सोडला तर चालताना ती किंचित हलते, आणि ती थरथर गिंबलच्या मोटरला पकडता येत नाही. लहान स्क्रीनवर दिसत नाही, एडिटला बसल्यावर दिसते. आधाराचा एक स्वस्तातला क्लॅम्प बाजारातून आणला होता, तो उन्हात ढिला पडायचा. बदलून टाकला.

बॅलन्सचा क्रम मोडू नका. आधी लेन्स आभाळाकडं करून टिल्टची उंची, मग लेन्स समोर करून पुढं-मागं, मग रोल, शेवटी गिंबल आडवा धरून पॅन, म्हणजे डावी-उजवीकडं फिरणं. मी टिल्ट झाला हे तेव्हाच मानतो, जेव्हा लेन्स पंचेचाळीस अंशात वर सोडली तरी थांबते आणि खाली सोडली तरी थांबते. नुसती समोर थांबते म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. मोटर चालू केली की चुकीचा बॅलन्सही बरोबर दिसतो. फक्त हाताला बारीक घरघर लागते आणि बॅटरी लवकर बसते. कंपनी बारा तास सांगते ते नीट तोललेल्या संचाचं.

आता खरी मेख. एफएक्स३० मध्ये एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, आत नाही. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात टी २.९ वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवून, शूट करायचं तर पुढं ८२ मिलिमीटरचा व्हेरिएबल (कमी-जास्त करता येणारा) एनडी लागतोच, आणि तो बसतो नळीच्या अगदी टोकाला. फिल्टर हातात घेतला तर काहीच वाटत नाही, पण टोकावर बसला की तेवढ्यानं लेन्स नाक टाकते. म्हणून बॅलन्स करताना झाकण काढलेलं, फिल्टर लावलेला, मोटर आणि वायर जागेवर, असंच करायचं. संध्याकाळी मंडपात एनडी काढला की पुन्हा सरकवायचं. मी प्लेटवर मार्करनं दोन रेघा मारून ठेवल्यात, एक उन्हाची, एक मंडपाची. रेघेवर आणून ऑटो ट्यून मारला, म्हणजे गिंबलला वजनाप्रमाणे मोटरचा जोर स्वतः ठरवू दिला, की काम सुरू.

झूमचं म्हणाल तर ही लेन्स बाहेरून लांब-आखूड होत नाही. फोटोच्या बऱ्याच झूम लेन्स पुढं निघतात आणि बॅलन्स घालवतात, तो ताप इथं नाही. आतल्या काचा सरकतात, म्हणून १८ वर (सगळ्यात रुंद चित्र) तोललेला संच ५५ वर (सगळ्यात जवळचं चित्र) मोटरला जरा राबवतो. मी ३५ च्या आसपास ठेवून तोलतो, दोन्हीकडं निभतं. झूम केल्यावर फोकसही हलत नाही. अक्षता पडताना पूर्ण मंडप घेऊन लगेच नवरीच्या मुंडावळ्यांपर्यंत जाता येतं, लेन्स बदलायला वेळ घालवावा लागत नाही. पैसे वसूल होतात ते इथंच.

मात्र चालता चालता झूम करायच्या भानगडीत पडू नका. गिंबल तिन्ही अक्षांवरचं कलणं सावरतो, पावलानं होणारी वर-खाली उसळी नाही. १८ वर ती खपून जाते, ५५ वर काळ्या रानातल्या ढेकळांतून चाललात तर फ्रेम डोलते. गुडघे वाकवून चालायची सवय हवी, आणि साडेतीन-चार किलो हातात धरून तसं चालणं फार वेळ जमत नाही.

ऑटोफोकस नाही, हेही पैसे देण्याआधी लक्षात घ्या. फोकस मोटर लावून गिंबलच्या पुढच्या चाकानं फोकस ओढावा लागतो. कारखान्यात, जिथं माणूस आणि यंत्र आपापल्या जागी असतात, तिथं मजा येते. हळदीत, जिथं करवल्या कुठून येऊन कुठं पळतील सांगता येत नाही, तिथं मी सरळ सोनीची १८-१०५ एफ ४ लावतो. ती ४२७ ग्रॅमची, तीही बाहेर निघत नाही, फोकस कॅमेरा बघतो. चित्रात फरक आहे, पण पाहुण्यांना तो कळत नाही. नुसती लग्नंच करायची असतील तर मी तीच घ्या म्हणेन.

उन्हाचं एक. गिंबल ४५ अंशांपर्यंत चालतो असं कागदावर आहे. परभणी-नांदेडचा मे त्याच्या जवळच जातो, आणि बंद गाडीच्या डिकीत तर त्याच्याही वर. गिंबल डिकीत ठेवत नाही, दोन शॉटच्या मधे पांढरं उपरणं टाकून सावलीत ठेवतो. आतापर्यंत मोटरनं कुरकुर केलेली नाही.

भाड्यानं आणणार असाल तर आदल्या दिवशीच आणा आणि तुमच्याच एनडी-मोटरसकट घरी तोलून रेघा मारून घ्या. प्रत्येकाच्या प्लेटची जागा वेगळी निघते, माझी मापं तुम्हाला उपयोगाची नाहीत.