खुला ग्रुप, बंद ग्रुप, चॅनेल की स्टाफरूममधला माणूस? शाखेच्या नव्या चिटणीसासाठी

शिक्षक संघटनेच्या स्थानिक शाखेचं चिटणीसपद गळ्यात पडलं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणतं, "सर, एक ग्रुप काढा ना." मीही काढला. सहा वर्षं चालवला, आणि त्यातली शेवटची दोन तो आवरण्यात गेली. माझ्यानंतर आलेले चिटणीस अधूनमधून विचारतात, सदस्यांना माहिती द्यायला काय वापरावं? एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी सदस्याचा दिवस डोळ्यांपुढे आणा. तास चालू असताना फोन बंद. मधल्या सुट्टीत वह्या, नाहीतर पालक. फोन नीट हातात येतो तो शाळा सुटल्यावर, तेव्हा ग्रुपवर १४० मेसेज साचलेले असतात. त्यातला एकच त्याच्या कामाचा, आणि तो नेमका कुठला हे शोधण्याचं त्राण उरलेलं नसतं.

खुला ग्रुप

व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात, म्हणजे जागेची अडचण नाही. अडचण वेगळी आहे. एकदा बदलीच्या अर्जांबद्दलच्या परिपत्रकाचा फोटो आमच्या ग्रुपवर आला. वरचा भाग कापलेला, त्यामुळे जावक क्रमांक नाही, तारीख नाही. कागद होता आदल्या वर्षीचा. संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी जुन्या नमुन्यात अर्ज भरून ठेवले होते. मी खुलासा टाकला, पण त्या दिवशी एका बाईंचा वाढदिवस होता. माझा खुलासा केकच्या चित्रांखाली गाडला गेला आणि दुसऱ्या दिवशी अकराचे चौदा झाले. मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण कागदाचा फोटो नव्याने कुणी चढवला की ती खूणही नसते.

तरी खुला ग्रुप मोडीत काढा असं मी म्हणणार नाही. त्याच्याइतकं चांगलं एक काम दुसरं कुठलंच साधन करत नाही. एका शिक्षकाने लिहिलं, "या महिन्यात पगारातून जास्तीची कपात झालीय, कुणाला काही कल्पना?" दहा मिनिटांत चार शाळांमधून "आमच्याकडेही" आलं. तोवर ती त्याची एकट्याची चूक वाटत होती. त्या चार उत्तरांनी ती संघटनेची तक्रार झाली. बाहेरून आत येणारी माहिती खुल्या ग्रुपवर उत्तम येते. आतून बाहेर जायची, ती तिथे बुडते.

आणखी एक. त्या ग्रुपमध्ये मुख्याध्यापकही सदस्य असतात, आणि स्क्रीनशॉट काढायला कुणाची परवानगी लागत नाही. एखाद्याची चौकशी, निलंबन, रजेचं भांडण हे विषय तिथे कधीच नकोत.

बंद ग्रुप, म्हणजे फक्त अ‍ॅडमिनने लिहायचा

सेटिंग बदललं की शांतता. महिन्याला पाचसहा मेसेज, सगळे वाचले जातात. पण प्रश्न संपत नाहीत, ते फक्त चिटणीसाच्या फोनवर येऊन पडतात. परिपत्रक टाकलं की रात्री नऊपर्यंत तीसेक फोन, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच: "हे आपल्याला लागू आहे का?"

ब्रॉडकास्ट यादी याला पर्याय वाटते, पण तिच्यात एक खोच आहे. एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज मिळतो. बाकीच्यांना आपलं काही हुकलंय हे कळतही नाही. वार्षिक सभेला "मला कुणी कळवलंच नाही" म्हणणाऱ्यावर मी दोन वर्षं मनातल्या मनात चिडत होतो. तो खरं बोलत होता.

चॅनेल

व्हॉट्सअ‍ॅपवर चॅनेल २०२३ साली आले. अनुयायांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ही मोठी सोय, विशेषतः ज्या शिक्षिकांना अनोळखी मेसेजचा ताप झालाय त्यांच्यासाठी. मात्र चॅनेल कुणीही पाहू शकतं, प्रशासनातली माणसंसुद्धा. फलकावर लावायला हरकत नाही तेवढंच तिथे टाका. वाटाघाटीत आपण कुठवर मागे यायला तयार आहोत, हे तिथे लिहायचं नसतं. टेलिग्रामवर मागचं सगळं नव्या सदस्यालाही दाखवता येतं आणि शोधणं सोपं आहे, पण आमच्या निम्म्या सदस्यांनी ते कधी उघडलंच नाही.

एसएमएसबद्दल एवढंच, की रोमन लिपीत १६० अक्षरं मावतात आणि देवनागरीत ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, पायमोडी सगळं वेगळं मोजलं जातं. "शिक्षक" हा एकच शब्द सहा जागा खातो. सभेची तारीख, वेळ, ठिकाण. त्यापलीकडे जाऊ नका.

ईमेल

फार कमी जण उघडतात. पण जे उघडतात, तेच पुढे कार्यालयात कागद पुढे सरकवून भांडतात. सेवाज्येष्ठता यादी, वेतननिश्चितीचा खुलासा, बैठकीचं इतिवृत्त, असं जे दोन वर्षांनी पुन्हा लागणार ते ईमेलनेच पाठवा. पत्ते बीसीसीमध्ये घाला, नाहीतर सगळ्यांचे पत्ते सगळ्यांच्या हाती.

शाळा-प्रतिनिधी

माझा कल इकडे आहे, लपवत नाही. आमच्या एका शाळेत एक बाई प्रतिनिधी होत्या. शाखेचं पत्रक आलं की त्याची प्रत काढून स्टाफरूमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायच्या, कारण ते दार दिवसातून वीसदा उघडतं. लावण्याआधी लाल पेनाने समासात लिहायच्या: "आपल्याला लागू नाही", "हे फक्त शेवटच्या तीन नेमणुकांना", "शुक्रवारच्या आत, नाहीतर राहिलं". त्या शाळेतून मला कधीच तीस फोन आले नाहीत.

दुसरं म्हणजे त्या परतीची बातमी आणायच्या. प्रसूती रजेचा काळ वेतनवाढीसाठी धरला नाही, हे एका तरुण शिक्षिकेने त्यांना हात धुताना सांगितलं होतं. मुख्याध्यापक असलेल्या ग्रुपवर तिने ते जन्मात लिहिलं नसतं. शिक्षकांच्या दर्जाबद्दलच्या १९६६ च्या आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि युनेस्को यांच्या शिफारशीत म्हटलंय की शिक्षक संघटनांना शैक्षणिक धोरण ठरवताना सोबत घ्यावं. घेतलंच कुणी सोबत, तर तिथे बोलायचं काय? असंच काहीतरी, जे कुणीतरी नळापाशी कुजबुजलेलं असतं.

उणी बाजूही सांगतो. प्रतिनिधी आळशी निघाला तर ती शाळा अंधारात. त्याची बदली झाली तर रातोरात अंधारात. आणि काही प्रतिनिधी बातमीत स्वतःचा मसाला घालतात, म्हणून मूळ कागद चॅनेलवर किंवा बंद ग्रुपवर असायलाच हवा.

मग घ्यायचं काय

पाचसहा शाळांची शाखा असेल तर बंद ग्रुप आणि प्रतिनिधी पुरेत, चॅनेलचं लटांबर नको. शाळा पंचवीस-तीस असतील तर सार्वजनिक बातमीला चॅनेल, कागदपत्रांना ईमेल, आणि प्रतिनिधींचा वेगळा छोटा ग्रुप. तिथे मात्र सगळ्यांनी बोलायचं. खुला ग्रुप राहू द्या, फक्त "संघटनेची अधिकृत माहिती इथे येत नाही" असं त्याच्या वर्णनात लिहून टाका. आम्ही हे फार उशिरा लिहिलं.

माध्यम कुठलंही घ्या, मेसेजच्या पहिल्या चार ओळी ठरलेल्या ठेवा: कुणाला लागू, कधीपर्यंत, काय करायचं, कागदाचा क्रमांक आणि तारीख. पाठवण्याआधी दुसऱ्या पदाधिकाऱ्याने मूळ कागद पाहिलेला असावा. त्या अकरा जणांनंतर आम्ही एवढा एकच नियम कडक पाळला.

आणि ग्रुप काढण्याआधी शाळांची यादी घेऊन बसा. प्रत्येक शाळेपुढे एक नाव लिहा. माझ्या पहिल्या यादीत सात शाळांपुढची जागा रिकामी राहिली होती, आणि "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" ही ओरड वर्षभर त्याच सातांमधून येत राहिली.