हक्काची मजुरी की खात्यावरचे दीड हजार?

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला महाराष्ट्राने 1977 साली कायद्याचे रूप दिले, त्यामुळे मागणीनंतर पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता मागणे हा मजुराचा हक्क ठरला आणि खर्चासाठी शहरी नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. 2024 ची लाडकी बहीण योजना दरमहा 1500 रुपये देते. कष्टकरी बाईच्या हाती स्वतःचा पैसा येणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र ही योजना कायद्यावर नव्हे, शासन निर्णयावर उभी आहे, निकष बदलले की नाव गळते. माझा कौल हमीकडेच, कारण हजेरीपटावरचे मजूर एकजुटीने तहसीलवर मोर्चा नेत. खात्यात रक्कम घेणारी बाई एकटी पडते आणि तिच्याकडून मताची परतफेड अपेक्षिली जाते.